चौदा हजारांची नोकरी धरली की पुढे चांगली मिळते का?

प्रश्न एका ताईंचा आहे. भाऊ २४ वर्षांचा, बी.कॉम झालेला, पुण्यात दोन वर्षं एमपीएससी केली, आता वर्ष होत आलं घरीच आहे. भोसरीत एका ठेकेदारामार्फत कंपनीत पॅकिंगला, १४ हजार हातात, अशी ऑफर आलीये. वडिलांचं म्हणणं लाग कुठेतरी, बसून राहण्यापेक्षा बरं, कामातून काम मिळतं. भावाचं म्हणणं एकदा का तिथे शिरलो की मग तिथलाच झालो. ताई विचारतात कोणाचं खरं.

ताई, दोघांचंही खरं आहे, फक्त दोघं वेगवेगळ्या नोकऱ्यांबद्दल बोलतायत. मी आधी लेबर सप्लायमध्ये होतो, म्हणजे ठेकेदाराच्याच बाजूला, पोरं जमवायची, कागदं घ्यायची आणि सकाळी गेटवर उभी करायची हे माझं काम, नंतर तिथून बाहेर पडलो आणि आता बरीच वर्षं पिंपरी-चिंचवडमध्ये पोरांना नोकऱ्या लावायचंच बघतोय. तर माझं सरळ मत असं की पगाराचा आकडा बघून हा निर्णय घेताच येत नाही. १४ हजारांच्या दोन नोकऱ्या शेजारी शेजारी असतात, एकीतून पोरगा दीड-दोन वर्षात २२-२५ वर जातो आणि दुसरीत पाच वर्षांनी पण १६ वरच घुटमळत असतो. बघायचं काय, तर त्या जागेवर एक-दोन वर्षांपूर्वी जी पोरं होती ती आज कुठे आहेत. एवढं कळलं की बाकीचं बरंचसं आपोआप कळतं, आणि गंमत बघा, हेच कोणी विचारत नाही, सगळे विचारतात ओटी, म्हणजे ओव्हरटाइम, किती मिळतो.

आधी सरकारी उदाहरण देतो कारण ते घराघरात माहितीये. शिक्षणसेवक. योजना २००० सालची. प्राथमिकला कित्येक वर्षं महिना ६ हजार मिळायचे, जानेवारी २०२३ पासून प्राथमिकला १६, माध्यमिकला १८ आणि उच्च माध्यमिकला २० हजार झाले. डी.एड, टीईटी, टेट एवढं सगळं करून १६ हजार म्हणजे काहीच नाही हो, पण तरी पवित्र पोर्टलची, म्हणजे शिक्षक भरतीची, यादी लागली की लोक पेढे वाटतात. का, तर तीन वर्षं नीट भरली की पूर्ण वेतनश्रेणी मिळते आणि हे आधीच लिहून दिलेलं आहे. महावितरणच्या विद्युत सहाय्यकाचं तेच, २०२३ च्या जाहिरातीत पहिल्या वर्षी १५, दुसऱ्या वर्षी १६, तिसऱ्या वर्षी १७ हजार आणि मग तंत्रज्ञ म्हणून रेग्युलर. आता याच्या शेजारी सीनियर कॉलेजातला सीएचबीवाला प्राध्यापक ठेवा, म्हणजे तासिका तत्त्वावरचा. नेट-सेट झालेला, कित्येकदा पीएचडी, वर्गात तेच शिकवतो जे पलीकडच्या वर्गात परमनंट सर शिकवतात, पैसे तासावर, उन्हाळ्यात काहीच नाही आणि जूनमध्ये परत मुलाखतीला हजर. दहा-दहा वर्षं यात गेलेली माणसं माझ्या ओळखीत आहेत. पगार दोन्हीकडे कमीच, अनुभव तर सीएचबीवाल्याकडे जास्तच, पण एकाला वर जायची वाट ठरवून दिलीये आणि दुसऱ्याला ती भरती निघाली तरच. म्हणून "कमी पगाराची नोकरी करावी का" हा प्रश्नच मला अर्धवट वाटतो.

खाजगी कंपनीत हे इतकं उघड दिसत नसतं. तिथे कोणी लिहून देत नाही, सगळे म्हणतात "काम बघून घेऊ परमनंट". मीही गेटवर पोरांना हेच सांगायचो, सांगायचंच असतं. भोसरी, चाकण, तळेगाव, रांजणगाव, कुठेही जा, एकाच लाईनवर एकच काम करणारी तीन प्रकारची माणसं असतात, कंपनीचा परमनंट, कंपनीचा ट्रेनी आणि ठेकेदाराचा. पगार तिघांचे तीन. जुन्या इंडस्ट्रियल डिस्प्युट्स ॲक्टप्रमाणे बारा महिन्यात २४० दिवस भरले की सलग नोकरी धरतात, म्हणून सात महिने झाले की ब्रेक द्यायचा ही आपल्याकडची जुनी पद्धत. सात महिने इथे, महिना-दोन महिने गावाला, मग दुसऱ्या ठेकेदाराच्या नावावर शेजारच्या कंपनीत परत सात महिने, परत नवीन गेटपास, परत हेल्परचाच रेट. अशी सहा-सहा वर्षं काढलेली पोरं येतात माझ्याकडे, वय तिशीला टेकलेलं, आणि सीव्हीत काय लिहायचं हा प्रश्न पडतो कारण कुठल्याच ठिकाणी पुढची पायरी चढलेलीच नसतात. मधे नीमचं पण झालं, एआयसीटीईने, म्हणजे केंद्राच्या तंत्रशिक्षण परिषदेने, २०१३ मध्ये आणलेली योजना, नाव होतं शिकता शिकता कमवा, ट्रेनी म्हणून तीन वर्षांपर्यंत ठेवता यायचं, कामगार नाही म्हणून पीएफ नाही आणि ईएसआय म्हणजे आजारपणाचा सरकारी विमाही नाही. कागदावर शिक्षण आणि प्रत्यक्षात असेंब्ली लाईनचं प्रॉडक्शन. नंतर योजना गुंडाळली, पण त्यात गेलेली पोरांची वर्षं कुठल्या खात्यात धरायची? तर तुमच्या भावाला जी भीती वाटते ती उगाच नाहीये, त्याने आजूबाजूला बघितलेलं असणार.

हे फक्त आपल्याकडचं आहे असंही नाही. अमेरिकेत डेट्रॉइटला सरकारी मदतीवरच्या लोकांना कामाला लावायची 'वर्क फर्स्ट' म्हणून योजना होती, त्यात कोणाला कंपनीत थेट नोकरी मिळाली, कोणाला एजन्सीमार्फत टेम्पररी. डेव्हिड ऑटर आणि सुझन हाऊसमन या दोघांनी त्याचा नीट हिशोब मांडला, २०१० मध्ये छापून आला. माणसं कुठल्या संस्थेकडे जाणार हे पाळीप्रमाणे ठरायचं, म्हणून तुलना बऱ्यापैकी स्वच्छ होती. निघालं काय, तर थेट लागलेल्यांची कमाई पुढच्या दोनेक वर्षात वाढलेली राहिली आणि एजन्सीवाल्यांना फायदा झालाच नाही, थोडं नुकसानच झालं असेल. मला याचं अजिबात नवल वाटलं नाही. एजन्सीची नोकरी लवकर मिळते, लवकर जाते, आणि त्या काळात माणूस दुसरं चांगलं शोधायचं थांबतो. ब्रिटनमध्ये मार्क स्टुअर्टने नव्वदच्या दशकातली माहिती तपासली तर कमी पगाराची नोकरी पुढच्या संधींना जवळजवळ बेकारीइतकीच मारक निघाली, लोक बेकारीतून कमी पगारावर आणि तिथून परत बेकारीत असे फिरत राहतात.

पण थांबा, एवढ्यावरून वडिलांना चूक ठरवू नका. जर्मनीत क्नाबे आणि प्लुम या दोघांनी २०१३ मध्ये जे दाखवलं ते वडिलांच्या बाजूचं आहे, कमी पगाराच्या नोकरीने वर जायची शक्यता वाढू शकते आणि ती जास्त करून कोणाची, तर कमी शिकलेल्यांची आणि बराच काळ घरी बसलेल्यांची. म्हणजे ज्याच्याकडे दाखवायला दुसरं काहीच नाही त्याला कुठलंही काम काहीतरी देतं. फक्त त्यातच एक खोच आहे, काम समाजात हलकं समजलं जाणारं असेल तर उडी तितकी लागत नाही. आणि अमेरिकेत नुकत्याच पदवी घेतलेल्यांचे बनावट बायोडेटा कंपन्यांना पाठवून एक प्रयोग केला होता, २०१७ मध्ये छापला, त्यात शिक्षणाच्या मानाने हलकं काम करणाऱ्याला मुलाखतीचे फोन योग्य काम करणाऱ्यापेक्षा सुमारे ३० टक्के कमी आले, आणि नुसतं बेकार असण्याचा मात्र असा फटका दिसला नाही. आता ही अमेरिका आहे, आपल्याकडे एचआरवाला गॅप बघून पहिला प्रश्नच विचारतो "मधे काय करत होतात", तरी ग्रॅज्युएटने पॅकिंगला जाताना हे डोक्यात ठेवावं.

गॅपचं पण खरं ते सांगतो. तिकडेच दुसऱ्या एका प्रयोगात सुमारे १२ हजार अर्ज पाठवून बघितलं होतं, बेकारी जसजशी लांबते तसे फोन कमी होतात आणि सगळ्यात मोठी घसरण पहिल्या आठ महिन्यातच होते. माझा इथला अनुभव थोडा वेगळा आहे, आपल्याकडे "एमपीएससी करत होतो" म्हटलं की दोन वर्षं माफ असतात, सगळ्यांना सदाशिव पेठेतल्या अभ्यासिका आणि कॉट बेसिसच्या खोल्या माहितीयेत, कित्येक एचआरवाल्यांनी स्वतः एक-दोन अटेम्प्ट दिलेले असतात. पण त्यानंतरचं जे वर्ष असतं ना, परीक्षा पण नाही आणि नोकरी पण नाही, ते सांगताना पोरं चाचरतात आणि तिथे मुलाखत घसरते. तुमचा भाऊ आत्ता बरोबर त्या वर्षात आहे. म्हणून घरी बसून "योग्य" नोकरीची वाट बघायची हा पर्याय मी तरी देणार नाही. सकाळी उठायची सवय मोडते, बोलायची सवय मोडते, मित्रांचे फोन टाळायला लागतो, आणि नोकऱ्या तर मित्रांच्या फोनवरूनच कळतात.

मग करायचं काय. माझं म्हणणं, पॅकिंग घेऊ नका, पण तोच ठेकेदार, तीच कंपनी, त्याच १४ हजारात स्टोअर किंवा डिस्पॅचला जागा आहे का ते विचारा. ठेकेदाराला त्याने काही फरक पडत नाही, त्याला डोकी मोजून कमिशन मिळतं, आणि स्टोअरला लिहिता-वाचता येणारा, कॉम्प्युटरला हात लावणारा पोरगा त्यांना कायम हवा असतो. पॅकिंगला वर्षभर राहिला तर बॉक्सला पट्टी कशी मारायची ते शिकेल. स्टोअरला वर्षभर राहिला तर इनवर्ड-आउटवर्ड, जीआरएन म्हणजे माल मिळाल्याची नोंद कशी करतात, माल वाहतुकीचं ई-वे बिल कसं काढतात, एसएपी सॉफ्टवेअरमध्ये एन्ट्री कुठे पडते, स्टॉक जुळला नाही तर कुठे शोधायचं, हे सगळं येईल, आणि हे पुढच्या कंपनीला समजतं, मुलाखतीत दोन प्रश्नात तपासता येतं. बी.कॉमवाल्याला स्टोअर असिस्टंट, मग स्टोअर एक्झिक्युटिव्ह किंवा परचेस, ही वाट मी कितीतरी पोरांची बघितलीये. आयटीआयवाल्याला हेच मशीनच्या बाबतीत सांगतो, हेल्पर म्हणून लागलास तरी सीएनसीजवळ, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनजवळ, जा, आधी ऑपरेटर हो, ऑफसेट म्हणजे मापातली दुरुस्ती द्यायला शिक, मग सेटिंग शिक, सेटरचा पगार वेगळा आणि त्याला चाकणमध्ये कुठेही कोणीही घेतं. लोडिंग-अनलोडिंगला राहिलास तर पाठ दुखेल आणि तेवढंच.

युगांडात एक मोठा अभ्यास झाला होता, काही तरुणांना संस्थेत सर्टिफिकेटवालं ट्रेनिंग दिलं आणि काहींना थेट दुकानात-वर्कशॉपमध्ये मालकाकडे शिकायला ठेवलं. कामाला दोन्ही लागले, पण मालकाकडे शिकलेल्यांचा फायदा पुढे ओसरत गेला आणि सर्टिफिकेटवाल्यांचा टिकला, कारण नोकरी सुटली तरी दुसऱ्या मालकाला दाखवायला हातात काहीतरी होतं. आपल्याकडे अप्रेंटिसशिपचं तसंच आहे. १९६१ च्या कायद्याखालची अप्रेंटिसशिप केली, शेवटी परीक्षा दिली की राष्ट्रीय सर्टिफिकेट मिळतं, स्टायपेंड कमी असतो म्हणून पोरं नाक मुरडतात आणि दोन-तीन हजार जास्त म्हणून ठेकेदाराकडे जातात. रेल्वेत लेव्हल वनच्या भरतीत अशा अप्रेंटिस झालेल्यांना २० टक्के जागा राखीव असतात, ठेकेदाराकडच्या तीन वर्षांना असं काही नाही. याउलट मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना बघा, २०२४ ला आली, बारावीला ६, आयटीआय-डिप्लोमाला ८ आणि ग्रॅज्युएटला १० हजार, सहा महिन्यांसाठी, पुढे मुदत वाढवून अकरा महिने केली. ज्यांना चांगल्या खाजगी ठिकाणी मिळालं त्यांचं भलं झालं, पण बरीच पोरं ग्रामपंचायत, शाळा, सरकारी ऑफिसात बसवली, तिथे पुढे घ्यायला पदच नव्हतं, मग आंदोलनं झाली आम्हाला कायम करा म्हणून. त्यांचा राग मला समजतो, पण पद मंजूर नाही तिथे पुढे कोण घेणार, हे पहिल्याच दिवशी विचारायला हवं होतं.

दुसरा पर्याय, आणि मी तर म्हणेन आधी हा बघा, एखाद्या सीए किंवा टॅक्स कन्सल्टंटच्या ऑफिसात अकाउंट असिस्टंट. सुरुवातीला १४ पण देणार नाहीत कदाचित, १० किंवा ११ म्हणतील. ऐकायला वाईट वाटतं, बी.कॉम होऊन १० हजार, शेजारचा दहावी नापास डिलिव्हरी करून जास्त कमावतो. कमावतो, खोटं नाही. पण डिलिव्हरीत दोन वर्षांनी पण तोच रेट, उलट गाडी जुनी होते, पेट्रोल स्वतःचं आणि वर चढायला काही नाही. सीएच्या ऑफिसात एकदा मार्चची आणि एकदा सप्टेंबरची धावपळ काढली, जीएसटीची आर-१ आणि ३-बी ही रिटर्न हाताने भरली, टीडीएस बघितला, टॅलीत चार-पाच क्लायंटची पुस्तकं सांभाळली की भोसरीतलीच एखादी छोटी कंपनी अकाउंटंट म्हणून १८-२० ला सहज घेते, कारण त्यांना शिकवायला वेळ नसतो, तयार माणूस हवा असतो. आणि त्या कंपन्यांच्या फायली याच ऑफिसात येत असतात, मालक ओळखायला लागतो. अशा ऑफिसांमध्ये पिळून घेतात हेही खरं, रात्री नऊ वाजतात, तारखेच्या दिवसात जेवायला वेळ मिळत नाही. तरी जिथून पोरं दर दीड वर्षाने पुढे निघून जातात अशी ऑफिसं मला आवडतात, तिथला मालक कुरकुर करत असतो की शिकवलं की पळतात, आपल्या दृष्टीने तीच खूण चांगली.

पैशाचं तुम्ही लिहिलं नाही, तुम्ही कुठे राहता तेही. घर पिंपरी-चिंचवडमध्येच असेल तर १४ काय, ११ हजारावर पण वर्षभर शिकता येतं. गावाहून येऊन खोली करणार असेल तर गणित वेगळं, भाडं, मेस, गाडीचं पेट्रोल जाऊन हातात फार राहत नाही आणि मग पोरगा ओटीच्या मागे लागतो, बारा-बारा तास करतो आणि शोधायला, शिकायला, मुलाखतीला जायला वेळच उरत नाही. इथेच सगळ्यात जास्त पोरं अडकतात, पगार कमी म्हणून नाही, वेळ गेला म्हणून. इथिओपियात कारखान्याच्या नोकऱ्या चिठ्ठ्या टाकल्यासारख्या वाटून अभ्यास केला होता, वर्षभरात तीन चतुर्थांशापेक्षा जास्त लोकांनी त्या सोडल्या, कमाई बाकीच्यांपेक्षा जास्त नव्हतीच आणि तब्येतीच्या तक्रारी मात्र वाढल्या. तेव्हा तीन-तीन शिफ्ट फिरती असेल तर आधीच विचार करा, पहिले सहा महिने घरून दोन-तीन हजार देता येत असतील तर द्या, तो पैसा ओटीऐवजी टॅली किंवा एक्सेलच्या क्लासला वेळ विकत घेतो.

आता त्या कंपनीची माहिती कशी काढायची. ठेकेदाराला विचारून उपयोग नाही, मी गेटवर द्यायचो तसंच उत्तर तो देईल. शिफ्ट सुटायच्या वेळी गेटसमोरच्या चहाच्या टपरीवर जा, दुपारी साडेतीनला वगैरे, पहिली शिफ्ट सुटते तेव्हा. तिथल्या पोरांना विचारा किती दिवस झाले, आधीचे कुठे गेले, मागच्या वर्षभरात ठेकेदाराचा कोणी कंपनीच्या रोलवर घेतला का, घेतला असेल तर नाव सांगा. नाव सांगता आलं तर खरं. "घेतात की" एवढंच म्हणाले तर समजून घ्या. ब्रेक किती महिन्यांनी देतात तेही तिथेच कळेल. नोव्हेंबर २०२५ पासून नवे लेबर कोड लागू झालेत, त्यात फिक्स्ड टर्मवाल्याला, म्हणजे ठरावीक मुदतीच्या कराराने घेतलेल्याला, एक वर्षावर ग्रॅच्युइटी आहे, आणि काही कंपन्या थेट स्वतःचं फिक्स्ड टर्म लेटर देतात, तसं मिळत असेल तर ठेकेदारापेक्षा हजार रुपये कमी असले तरी ते घ्या, लेटरहेड कंपनीचं असतं.

आणि लागलाच तर लागतानाच तारीख ठरवून घ्यायची, बारा महिने, फार तर पंधरा. सहाव्या महिन्यापासून अर्ज सुरू, नोकरीत असतानाच, सोडून नाही. "आत्ता काम आहे ना, बघू दिवाळीनंतर" हे एकदा सुरू झालं की दोन दिवाळ्या जातात.

कागदांचं तेवढं सांभाळा. ठेकेदार म्हणेल पीएफ कापत नाही, हातात हजार-दीड हजार जास्त घे. घेऊ नका. पीएफ कापला की यूएएनवर, म्हणजे पीएफच्या कायमच्या नंबरवर, कुठल्या महिन्यापासून कुठल्या महिन्यापर्यंत काम केलं याची नोंद राहते आणि उद्या ठेकेदाराने अनुभवाचं पत्र दिलं नाही तरी पासबुक दाखवता येतं, आजकाल बऱ्याच कंपन्या तेच तपासतात. दर महिन्याची पगाराची स्लिप मागा, व्हॉट्सॲपवर पाठवली तरी चालेल, पगार बँकेतच घ्या. यूएएन स्वतःच्या मोबाईल नंबरला जोडा, ठेकेदाराच्या ऑफिसातल्या पोराच्या नंबरला नको, हे फार होतं. नोकरी सोडल्यावर एक्झिट डेट पडली का बघा, नाहीतर पुढच्या ठिकाणी ट्रान्सफर अडकतो. त्यांनी टाकली नाही तर शेवटचा हप्ता जमा झाल्याला दोन महिने झाले की पोर्टलवर आपली आपल्याला टाकता येते.